वहीतली वरची ओळ

दाजीसाहेबांचा झोपाळा थांबला.

ज्यांनी दाजीसाहेब खोराट्यांना कधी पाहिलं नाही, त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण त्यांच्या सोप्यातला तो सागवानी झोपाळा दाजीसाहेब बोलत असले तरी हलायचा, ऐकत असले तरी हलायचा, आणि जेवणानंतर डोळा लागला तरी पायाच्या अंगठ्यानं हलवत ठेवलेला असायचा. आणीबाणीची बातमी रेडिओवर लागली तेव्हाही तो हलत होता, असं त्यांची सून सांगायची. त्या दिवशी मात्र कड्या एकदा कुरकुरल्या आणि गप्प झाल्या.

कारण समोरच्या खुर्चीतल्या मुलीनं हातातली कपबशी खाली ठेवून इतकंच म्हटलं होतं, "माझं कूळ ठाऊक नाही. मी आजऱ्याच्या गाडीत सापडले."

आणि हे स्थळ मी आणलं होतं.

मी तेव्हा गडहिंग्लजला पोस्टात होते. एकवीस वर्षं खिडकीत बसले. खिडकीतून माणसं फार स्वच्छ दिसतात. तिकीट जिभेनं चिकटवणारा, ओल्या स्पंजावर टेकवून चिकटवणारा आणि "तुम्हीच लावा की आक्का" म्हणणारा, या तिघांचे संसार तीन तऱ्हेचे होतात, हे मी न चुकता सांगू शकायचे. त्यातूनच लग्नं जमवण्याचा नाद लागला. त्यासाठी एक वही घातली होती. रकाने सहा: नाव, वय, शिक्षण, उंची, कूळ, आणि सहावा, जो मी कुणाला दाखवत नसे, तो 'खोड'. त्यात मी फार विचार करून लिहायचे. 'घास मोजून खातो.' 'दुसऱ्याचं पत्र आधी उलटून बघते.' असं.

दाजीसाहेबांचा नातू जयसिंग हायस्कुलात गणित शिकवायचा. त्याच्या खोडीत मी लिहिलं होतं, 'बोलत नाही. गुण की खोड, लग्नानंतर कळेल.' वेणू रेडेकर त्याच शाळेत मराठी शिकवायची. कोल्हापूरला तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेली, वय चोवीस. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'उत्तर मिळेपर्यंत उठत नाही.' कुळाचा रकाना मी रिकामा सोडला होता. दाजीसाहेबांना सांगताना "एस.टी.तले कंडक्टर गणपतराव रेडेकर, त्यांची मुलगी," एवढंच म्हणाले. रेडेकर म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. त्या दिवशी माझ्याच नावापुढे एक खोड मांडायला हवी होती.

आता दाजीसाहेबांविषयी. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. अशील कसाही असो, तो निर्दोष आहे हे सिद्ध करून मगच घरी जेवायला जाणारा. निवृत्त झाल्यावर त्यांनी फक्त अशील बदलला. दर गुरुवारी, संध्याकाळी पाच ते सहा, नगर वाचनालयाच्या हॉलमध्ये ते देव सिद्ध करायचे. अकरा वर्षं एकही गुरुवार चुकला नव्हता. चाळीसेक माणसं ऐकायला यायची, सहा वाजता देव सिद्ध व्हायचा, चहा व्हायचा, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा नव्यानं. वहीत त्यांचं नाव असायचं कारण नव्हतं, पण मी घातलं होतं. खोड: 'वाद घालतो. हरला तर कबूल करेल असं वाटतं. अजून कुणी हरवलेला नाही.'

त्या घराची एक रीत होती. बोलणी ठरायच्या दिवशी हेळव्याला बोलवायचं. हेळवी म्हणजे आमच्या भागातले वंशावळ सांगणारे. दोन-चार वर्षांतून एकदा बैलावर बसून गावात येतात, घराघरापुढे उभे राहून त्या घराच्या पिढ्या मुखोद्गत म्हणतात, आणि मधल्या काळात जन्मलेल्यांची, घरात आलेल्या सुनांची नावं वहीत चढवतात. खोराट्यांचा हेळवी बसाप्पा. बैल बाहेर लिंबाला बांधून तो सोप्याच्या पायरीवर बसला होता, मांडीवर लाल फडक्यातली वही. सुरुवातीलाच त्यानं डोळे मिटून सगळं घराणं म्हणून दाखवलं होतं. "मूळ पुरुष रायाजी, त्येचा मालोजी, मालोजीचे दोघं..." असं करत अकराव्या पिढीला जयसिंगवर येऊन थांबला. मग गणपतरावांकडे वळून म्हणाला, "आता तुमचं बोला, मामा. कूळ, देवक, मूळ गाव."

गणपतराव इस्त्रीचा खाकी कोट घालून आले होते. चांगला कोट त्यांच्याकडे तोच होता. ते घाईघाईनं सांगू लागले, "देवक आमचं पंचपल्लव, मूळ गाव..."

"बाबा," वेणू म्हणाली, "तुम्ही तुमचं सांगताय. त्यांनी माझं विचारलंय."

आणि मग ते वाक्य. आणि झोपाळा थांबला.

दाजीसाहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "आक्का, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"जयसिंग?"

"होतं, आबा."

"मग बोलला का नाहीस?"

जयसिंगनं पोह्यांच्या बशीकडे पाहत उत्तर दिलं, "तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारत नाही, सिद्ध करता."

मी मनातल्या मनात त्याच्या रकान्यात दुरुस्ती केली.

गणपतरावांना राहवलं नाही. "साहेब, त्रेपन्न सालची गोष्ट. आजऱ्याहून निघालेली दुपारची गाडी. हितं स्टँडवर सगळे उतरले. मागच्या बाकावर बघतोय तर टोपली. म्हटलं कुणाची भाजी राहिली. तर टोपलीतनं हात वर आला. माझ्या हाताखालनं तिकिटाशिवाय कुणी गेलं नव्हतं साहेब, त्या दिवशी एवढं एकच गेलं. गावोगाव विचारलं. पोलिसात दिलं. कुणी आलं नाही. आमची बायको पारू म्हणाली, राहू दे."

"गणपतराव, तुम्ही पुण्याचं काम केलंत," दाजीसाहेब म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "मुलीलाही मी काही बोल लावत नाही. पण माझी अडचण समजून घ्या. ज्याचं मूळ सांगता येत नाही, ते मी घरात कसं घेऊ? जगात मूळ नसलेली वस्तू नाही. दर गुरुवारी मी हेच सांगतो."

"मी ऐकलंय," वेणू म्हणाली. "सात गुरुवार. मागच्या बाकावर बसून."

"अस्सं? मग पटलं असेल."

"नाही पटलं."

जयसिंगच्या हातातला चमचा बशीत पडला. गणपतरावांनी मुलीचा पदर हळूच ओढला. स्थळ आधीच अर्धं मोडलं होतं, उरलेलं अर्धं ती स्वतःच्या हातानं मोडत होती. मी तर उठून चपला शोधायच्या बेतात होते.

पण झोपाळा हलला. वकिलाला उलटतपासणीचा वास आला की तो अशील, जेवण, नातू, सगळं विसरतो.

"काय पटलं नाही ते सांग. मोकळेपणानं सांग."

"तुम्ही आधी सिद्ध करा. गुरुवारी करता तसं."

"करतो. हा झोपाळा कशावर आहे?"

"कड्यांवर."

"खालची कडी कशावर?"

"तिच्या वरच्या कडीवर."

"एका बाजूला बावीस आहेत. मी मोजल्यात. आता समज, बावीसच्या जागी बावीस हजार असत्या, पण वर हूक नसता. मी असा बसलो असतो का?"

"नाही. पडला असता."

"झालं तर! प्रत्येक वस्तूला तिच्या आधीच्या वस्तूनं धरलंय. मला माझ्या बापानं, बापाला आज्यानं, झाडाला बीनं, बीला झाडानं. ही साखळी कितीही लांब ओढ, कुठंतरी तिला हूक पाहिजे. ज्याला कुणी धरलेलं नाही आणि ज्यानं सगळ्यांना धरलंय, असा. त्याला आपण देव म्हणतो." त्यांनी बोट वर केलं. गुरुवारी याच ठिकाणी लोक माना डोलवायचे. बसाप्पानंही डोलवली.

"हूक कशात आहे?" वेणूनं विचारलं.

"तुळईत."

"तुळई?"

"भिंतींवर."

"भिंती?"

"पायावर. आणि पाया जमिनीवर. कुठं चाललीस तू?"

"जमीन कशाला टांगलीय?"

बाहेर बैलानं शेपटी आपटली.

"शेषाच्या फण्यावर हाय की!" बसाप्पा उत्साहानं म्हणाला.

"आणि शेष कशावर, काका?"

बसाप्पानं डोकं खाजवलं. "त्ये आमच्या वहीत न्हाई."

"बसाप्पा, तू गप," दाजीसाहेब म्हणाले, पण मिशीत हसले. "पोरी, पुढं बोल."

"घरातली प्रत्येक वस्तू कशावर तरी आहे, हे खरं. म्हणून मग सगळी पृथ्वीच कशावर तरी असली पाहिजे, असं लोकांना वाटायचं. पण ती कशालाच टांगलेली नाही, आणि तरी तुमचा झोपाळा हलतोय. घराच्या आतला नियम घराबाहेर चालेलच असं नाही. तसंच जगातल्या एकेका वस्तूला आधीचं कारण लागतं, म्हणून अख्ख्या जगाला लागतं, हे कशावरून?"

"नाही लागत, हे तरी कशावरून?"

"तसं मी म्हणतच नाही. लागतं असं तुम्ही म्हणता. दाखवायचं तुम्ही."

"पुराव्याचा भार!" दाजीसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "जयसिंग, ही मराठी का शिकवते? हिनं सनद घ्यायला हवी होती." मग एकदम गंभीर झाले. त्यांना मी कोर्टात कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी वाटलं, असेच असणार. "बरं, ते ठेवू बाजूला. जग कधीतरी सुरू झालं. आपोआप काही सुरू होत नाही."

"देव आपोआप आहे ना?"

"देव सुरूच झाला नाही. तो अनादि."

"मग जगच अनादि असलं तर? कुणाला तरी ही सूट द्यायचीच आहे. न दिसणाऱ्याला देण्यापेक्षा समोर दिसतंय त्याला का देऊ नये?"

"कारण समोर दिसतं ते नासतं. फूल, झाड, माणूस, डोंगर. जे नासतं ते कधीतरी जन्मलेलं असतं. नासणाऱ्या गोष्टींचं जग अनादि कसं?"

हा मुद्दा मला बिनतोड वाटला. चला, संपलं, असं वाटून मी पोह्याची बशी उचलली. वेणू पायरीवरच्या लाल फडक्याकडे पाहून म्हणाली, "बसाप्पाकाका, खोराट्यांच्या किती पिढ्या म्हणालात?"

"अकरा."

"पहिल्या आठांतले किती जण आज हयात आहेत?"

"कुणीच न्हाई की! समदी गेली."

"आणि घराणं?"

"घराणं हाय! ह्ये काय बसलंय समोर." बसाप्पाला स्वतःच्याच उत्तराची गंमत वाटून तो खदखदून हसला.

दाजीसाहेब हसले नाहीत. झोपाळा फार सावकाश हलत होता. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ते तिचं वाक्य पुन्हा स्वतःशी म्हणून बघत होते. त्याच्यात भोक शोधत होते. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरात, नातवाला बघायला आलेल्या मुलीसमोर. दुसरा कुणी असता तर आवाज चढवला असता, किंवा जेवणाची वेळ झाली म्हणाला असता. हा शोधत बसला आणि सापडेना तेव्हा म्हणाला, "पुढं."

"पुढं एकच. समजा, साखळीला पहिली कडी आहे. मान्य केलं. पण म्हणजे ती पहिली आहे, एवढंच सिद्ध झालं. ती दयाळू आहे, ती हाक ऐकते, तिला आपली काळजी आहे, हे त्यात कुठून आलं? रायाजी तुमचे मूळ पुरुष. ते चांगले होते का? काका, वहीत आहे का काही तसं?"

बसाप्पाचं हसू जागच्या जागी विझलं. "रायाजीचं... येवढंच हाय बाई. नाव."

मी खिडकीतली बाई. माणूस बोलतो तेव्हा मी त्याचे हात बघते. बसाप्पानं वही उघडून धरली होती, पहिलं पान वर होतं आणि त्याचा उजवा अंगठा पानाच्या अगदी माथ्यावर घट्ट बसला होता. सुरुवातीला म्हणून दाखवतानाही तो तिथंच होता. मुखोद्गत म्हणणाऱ्या माणसाला पान उघडायची गरज नव्हती, आणि उघडलं तर माथा झाकायची नव्हती.

दाजीसाहेबांनीही तो अंगठा पाहिला. आणि नजर काढून घेतली. इतक्या लवकर, की मला खात्री पटली, त्यांना खाली काय आहे ते ठाऊक आहे.

"म्हणजे," ते जरा कोरड्या आवाजात म्हणाले, "तू देव मानत नाहीस."

आता खरंच संपणार होतं. वाद हरणं एक आणि नास्तिक सून आणणं दुसरं. गणपतराव उभेच राहिले. "मानती की साहेब! रोज सांजचा दिवा लावती. सोमवार धरती..."

"सोमवार मी तुमच्यासाठी धरते, बाबा. दिवाही," वेणू म्हणाली. "दाजीसाहेब, देवाशी माझं भांडण नाही. असला तर असू दे. माझं भांडण त्याला जिथं बसवतात त्या जागेशी आहे."

"कुठली जागा?"

"मी लहान होते तेव्हा सगळे म्हणायचे, तू देवाची देणगी. शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, सगळे. मी विचारायचे, मला गाडीत कुणी ठेवलं? म्हणायचे, देवानं. चौथीत जाईपर्यंत मला वाटायचं देव आजऱ्याला एस.टी.त चढतो."

गणपतरावांना हसू आलं आणि लगेच डोळे पुसावे लागले.

"मग मोठी झाले. बाबांना खोदून खोदून विचारलं. टोपली कशी होती, कुठं होती. बाबा म्हणाले, खिडकीच्या बाजूला नव्हती, आतल्या बाजूला होती. वारा लागू नये म्हणून. खाली जुन्या लुगड्याची चौपदरी घडी होती. आणि टोपली बाकाला सुतळीनं बांधली होती, घाटात घसरू नये म्हणून. हे देवानं केलं नाही. हे एका बाईनं केलं. तिला नाव होतं. काहीतरी अडचण होती. दोन गाठी मारल्या होत्या सुतळीला, एक नाही. ती कोण, मला ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. पण ठाऊक नाही तिथं लोक देव लिहितात, आणि ती बाई पुसली जाते. म्हणून मला तो युक्तिवाद सोसत नाही. ठाऊक नाही, तर 'ठाऊक नाही' एवढंच लिहावं. ती जागा कुणाला देऊ नये. देवालासुद्धा."

मी तिचं स्थळ तीन घरी सुचवलं होतं. तिच्याबद्दल उंचीपासून अक्षरापर्यंत सगळं मला ठाऊक होतं. सुतळीच्या दोन गाठी मात्र आज कळल्या.

दाजीसाहेब झोपाळ्यावरून उतरले. पाहुण्यांसमोर ते कधी उतरत नसत. पायरीपाशी गेले.

"बसाप्पा, अंगठा काढ."

"मालक..."

"काढ म्हणतो ना."

"तुमच्या आज्यानं माझ्या आज्याला शपथ घातलीया. त्येवढं वाचायचं न्हाई म्हणून. आमी तवापास्नं नावापास्नंच सुरू करतो."

"माझा आजा गेला, तुझाही गेला. शपथ मी सोडवतो. वाच."

बसाप्पानं अंगठा उचलला. इतक्या वर्षांचा घाम लागून पानाचा तो कोपरा काळवंडला होता. मोडीतलं अक्षर लावायला त्याला वेळ लागला. ही एकच ओळ त्याला पाठ नव्हती.

"'मागील ठाऊक नाही,'" त्यानं वाचलं. "'पोर ओढ्याकाठी मिळाले. नाव रायाजी ठेविले. गावाने ठेवून घेतला.'"

जयसिंग उठून उभा राहिला होता. त्यालाही हे नवीन होतं.

"मला आठव्या वर्षी वडिलांनी दाखवलं," दाजीसाहेब म्हणाले. ते आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हते. "म्हणाले, कुणाला सांगू नकोस. मी घाबरलो. रात्रंदिवस एकच. त्याच्या आधी कोण? त्याच्या आधी कोण? ती मोकळी जागा मला बघवेना. पुढं केव्हातरी मी तिथं देव बसवला आणि मला झोप लागायला लागली." मग वेणूकडे वळून, कोर्टात समोरच्या वकिलाला करतात तशी मान किंचित झुकवून म्हणाले, "तुझं बरोबर आहे. माझा पुरावा टिकत नाही. आक्का, तुमच्या त्या वहीत लिहून ठेवा. दाजीसाहेब हरला."

वहीचं त्यांना कुणी सांगितलं, मला आजवर कळलेलं नाही.

"बसाप्पा, दौत काढ. जयसिंगच्या खाली लिही. पत्नी वेणू."

"मालक, लगीन व्हायच्या आधी सून चढवत न्हाईत!"

"मग पेन्सिलीनं लिही, लग्नानंतर शाई फिरव. काढ पेन्सिल. 'वेणू. मागील ठाऊक नाही.'" त्यांनी पानावर बोट टेकवलं. "'घराने ठेवून घेतली.'"

बसाप्पानं पेन्सिल जिभेला लावली. गणपतरावांनी हात जोडले. मीही डोळ्याला पदर लावला, खोटं कशाला सांगू. एवढं सगळं जमून आल्यावर दुसरी कुठलीही मुलगी गप्प बसली असती.

"तसं नको," वेणू म्हणाली.

पेन्सिल हवेतच राहिली.

"रायाजी पोर होते, त्यांना ठेवून घ्यावं लागलं. मलाही एकदा घेतलंय, ह्यांनी." तिनं गणपतरावांच्या खाकी बाहीला हात लावला. "ते एकदा पुरे. इथं मी स्टँडपासून चालत आलेय. यायचं की नाही ते सात गुरुवार मागच्या बाकावर बसून ठरवलंय. 'ठेवून घेतली' नको."

"मग काय लिहायचं?" दाजीसाहेबांनी विचारलं. उलटतपासणीच्या आवाजात नाही. खरोखरच माहीत नसलेला माणूस विचारतो तसं.

"'आली' लिहा."

दाजीसाहेबांनी जयसिंगकडे पाहिलं. जयसिंग हसत होता. मग ते जाऊन झोपाळ्यावर बसले, पायाचा अंगठा टेकवला आणि म्हणाले, "लिही, बसाप्पा. 'आली.'"

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम वाचनालयात गेले. पाच वाजता दाजीसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, अकरा वर्षं इथं मी जो पुरावा मांडला तो सदोष होता, तो मी मागे घेतो. दोष कुठं आहे ते आज सांगतो. आणि तासभर स्वतःचाच दावा इतक्या नेटानं पाडला की देव जर हॉलमध्ये असता तर त्यानंही दाद दिली असती. कुणीतरी चिडून विचारलं, "म्हणजे देव नाही म्हणायचं?" दाजीसाहेब म्हणाले, "पुरावा फेटाळला गेला, साहेब. त्यानं अशील खोटा ठरत नाही." त्यांची पूजा शेवटपर्यंत पूर्वीसारखीच चालू राहिली. श्रोते मात्र चाळीसांवरून नऊवर आले. दहावी वेणू. ती आता पहिल्या बाकावर बसायची, आणि पाऊणतास व्याख्यान असलं तर सव्वातास त्या दोघांचं भांडण चालायचं. चहा थंड व्हायचा.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी खिडकी उघडण्यापूर्वी मी माझी वही काढली. वेणूच्या कुळाचा रकाना मी रिकामा सोडला होता, कारण रिकामं दिसलं की लोक आपल्या सोयीचं काहीतरी समजून घेतात, आणि मला तेच हवं होतं. तिथं मी शाईनं 'ठाऊक नाही' लिहिलं. मग दाजीसाहेबांच्या खोडीतलं 'असं वाटतं' खोडलं, आणि 'अजून कुणी हरवलेला नाही' हेही.

आता दाजीसाहेब नाहीत, गणपतराव नाहीत, बसाप्पाही नाही. गेल्या वर्षी त्याचा मुलगा आला होता. बैलाऐवजी मोटरसायकलवर, पण वही तीच, लाल फडक्यातली. वेणूच्या नातीचं नाव चढवायचं होतं. मला मुद्दाम बोलावलं होतं. पोरानं डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली, "मागील ठाऊक नाही. पोर ओढ्याकाठी मिळाले..." वरच्या ओळीपासून, पाठ. अकराव्या पिढीला जयसिंग आला. मग, "पत्नी वेणू. मागील ठाऊक नाही. आली."

झोपाळ्यावर वेणू बसली होती, मांडीवर नात. पायाच्या अंगठ्यानं ती तो हलवत होती.